उरल्यासुरल्याचा बाजार

हस्तकलेचा इतिहास लिहिणारे बहुधा तयार झालेल्या वस्तूपासून आरंभ करतात. पैठणीचा पदर, बिदरचे नक्षीकाम, तंजावरची सोनेरी चित्रे ह्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि पुढेही लिहिले जाईल. परंतु पदर विणून झाल्यावर जी जर उरली, चित्र पुरे झाल्यावर वर्खाची जी पाने शिल्लक राहिली, तोरण ओवून झाल्यावर जे मणी पुडीत तसेच पडून राहिले, त्यांचे पुढे काय झाले हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः कोणत्याही कलेचा प्रपंच जाणून घ्यावयाचा असेल, तर तिच्या देव्हाऱ्याइतकीच तिची अडगळीची खोलीही पाहिली पाहिजे.

साहित्य उरते ते केवळ आळसामुळे किंवा उधळपट्टीमुळे उरते असे नाही. करणाऱ्याला हवे तेवढेच साहित्य बाजारात कधीच मिळत नाही. मणी पुडीने मिळतात, रेशीम लडीने मिळते, वर्ख गड्डीने मिळतो. आणि हात मध्येच थांबतात. दृष्टी मंदावते, मूल लहान असते, नोकरीची बदली होते, शिकविणारी बाई गाव सोडून जाते. पेटी मात्र तशीच राहते. ती पेटी घराबाहेर काढण्याची वेळ येते तेव्हा तिच्यातील साहित्याची किंमत कोण ठरवितो आणि कशाच्या आधारे ठरवितो, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात घेतला आहे. ह्या प्रश्नाचे उत्तर गेल्या पाऊणशे वर्षांत कसे बदलले ते पाहण्यास मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, पश्चिमेचे अंबत्तूर हे उपनगर फार सोयीचे आहे. परंतु तेथे पोचण्यापूर्वी थोडे मागे गेले पाहिजे.

जुन्या मराठी घरात उरलेल्या साहित्याला दोन वाटा होत्या. पहिली वाट घरातल्या घरातच फिरे. फाटलेल्या लुगड्याची गोधडी होई, गोधडीच्या काठाला उरलेल्या दोऱ्याचे टाके पडत, चोळीच्या खणातून वाचलेल्या तुकड्याची बाळाची कुंची होई. रुखवतासाठी आणलेले मणी धाकट्या बहिणीच्या रुखवतापर्यंत डब्यात जपले जात. ह्या व्यवहारात किंमत ठरविण्याचा प्रसंगच येत नसे, कारण देणारी आणि घेणारी एकाच माजघरात वावरत असत. दुसरी वाट दाराशी येणाऱ्या बोहारणीची. तिच्या पाटीत चकचकीत भांडी असत आणि त्यांच्या मोबदल्यात ती जुने कपडे घेई. घासाघीस पुष्कळ होई, परंतु कपड्याची प्रतवारी लावण्याचा अधिकार अखेर तिच्याकडेच राही. आपल्या लुगड्यावर कोणते भरतकाम आहे, ते कोणी किती दिवस बसून केले, हे मालकिणीने सांगून भांडे मोठे होत नसे. कापड किती टिकेल एवढेच बोहारीण पाही.

जरीच्या बाबतीत हा न्याय आणखी कठोर होता. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची बारीक तार गुंडाळलेली असते व तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. त्यामुळे साडी जीर्ण झाली की ती वस्त्र न राहता धातू होऊन बसते. जुन्या पैठण्या ह्याच रीतीने नाहीशा झाल्या. पदरावरील मोर, काठाची नारळी, विणकराचे हात हे सारे आगीत गेले आणि मुशीच्या तळाशी उरलेल्या धातूचे तेवढे पैसे झाले. विकणारीने लबाडी केली नव्हती, घेणाऱ्यानेही नव्हती. तागडीला मोर दिसत नाही, इतकेच. आजही चेन्नईच्या बाजारपेठांतून जुन्या रेशमी साड्या विकत घेतल्या जातील अशा पाट्या दिसतात, आणि तेथेही बहुतेकदा साडीला विचारले जाते ते तिच्या जरीविषयीच.

येथे एक भेद स्पष्ट करून ठेवणे इष्ट होईल. वस्तू दोन प्रकारे विकली जाते, नावाने किंवा वजनाने. नावाने विकली जाते तेव्हा तिच्याबरोबर तिचा उपयोग, तिची जात, तिची पूर्वकथा ही सारी जातात. वजनाने विकली जाते तेव्हा ती कशाची आहे एवढेच उरते. कशासाठी आहे हे पुसले जाते. उरलेल्या साहित्याचा सारा इतिहास हा ह्या दोन रीतींमधील ओढाताणीचा इतिहास आहे.

नावाचे महत्त्व किती मोठे असू शकते, ह्याचा एक थोर दाखला मद्रास इलाख्यातील मराठी माणसाला परका नाही. तंजावरचे दुसरे शिवाजीराजे २९ ऑक्टोबर १८५५ रोजी निपुत्रिक वारले. कंपनी सरकारने राज्य खालसा केले आणि १८ ऑक्टोबर १८५६ रोजी कमिशनर फोर्ब्स ह्याने लष्कराच्या बळावर राजवाड्यातील चीजवस्तूही ताब्यात घेतली. थोरल्या राणीसाहेब कामाक्षीबाई ह्यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात फिर्याद केली. वाद असा की, ही मालमत्ता दौलतीची की राजांची खासगी? मद्रासच्या कोर्टाने राणीसाहेबांच्या बाजूने कौल दिला. १८५९ साली प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला आणि हे राज्यसत्तेने केलेले कृत्य असल्यामुळे न्यायालयाला त्यात पडता येत नाही असे ठरविले. पुढे १८६२ साली सरकारने ती मालमत्ता राण्यांना परत केली. कोठारातील दागिना तोच, पेटी तीच. परंतु तिला ‘दौलतीची’ म्हणावयाचे की ‘खासगी’, ह्या एका शब्दावर कित्येक वर्षे सारे खोळंबून राहिले. वस्तूचे भवितव्य तिच्या नावावर ठरते, हे राजवाड्यात जितके खरे तितकेच सामान्य गृहिणीच्या पेटीतही खरे आहे.

राज्य गेले तेव्हा त्याच्या आश्रयाने वाढलेल्या चित्रकलेचा आधारही गेला. चित्रकार घराणी व्यापारी धनिकांच्या व मठमंदिरांच्या आश्रयाला वळली आणि कला जगली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती चेन्नईच्या मध्यमवर्गीय घरांत शिरली. तंजावर चित्रांना २००७-०८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या कितीतरी आधीपासून नगरातील स्त्रिया ती दुपारच्या वर्गांत शिकत होत्या. ह्या चित्राला लागणारे साहित्य पाहिले तर उरण्याचा प्रश्न किती स्वाभाविक आहे हे ध्यानात येते. लाकडी फळी, तिच्यावर चिकटविण्याचे कापड, खडूची भुकटी, डिंक, चिंचोक्याची खळ, सोन्याच्या वर्खाची पाने, जयपुरी काचेचे खडे, रंग आणि बारीक कुंचले. एक बालकृष्ण पुरा होतो तेव्हा खड्यांची अर्धी पुडी शिल्लक असते. दुसरा बालकृष्ण पुष्कळदा होतच नाही. खड्याचा रंग उडत नाही, वर्ख नीट ठेवला तर बिघडत नाही. म्हणजे साहित्य वर्षानुवर्षे चांगले राहते आणि तरीही कोणाच्या उपयोगी पडत नाही.

असे साहित्य नावाने विकण्याची जागा मद्रासमध्ये पूर्वी नव्हती असे नाही. सेंट्रल स्थानकाजवळचे मूर मार्केट ही ती जागा. १८९८ साली नगरपालिकेचे अध्यक्ष सर जॉर्ज मूर ह्यांनी तिची कोनशिला बसविली आणि १९०० साली ती खुली झाली. तांबड्या विटांच्या त्या इमारतीत व तिच्या भोवतालच्या दुकानांत जुनी पुस्तके, जुनी घड्याळे, ग्रामोफोनच्या तबकड्या, नाणी, पितळेच्या वस्तू, सुटे भाग असे जे एकदा वापरून झाले आहे त्याला पुन्हा गिऱ्हाईक मिळत असे. तेथील दुकानदाराचे भांडवल त्याच्या स्मरणात होते. कोणत्या पुस्तकाची कोणती आवृत्ती दुर्मिळ, हे तो जाणून असे. आणि जाणून असल्यामुळेच त्याच्याकडे पुस्तक हे रद्दी न राहता पुस्तक राही. ३० मे १९८५ रोजी मूर मार्केट आगीत भस्मसात झाले. त्या जागेवर उपनगरी रेल्वेचे स्थानक उभे राहिले आणि दुकानदार जवळच्या अल्लीकुळम संकुलात गेले. बाजार पुरता मेला नाही, परंतु एकाच छपराखाली साऱ्या जुन्या वस्तूंना नावाने हाक मारणारी ती वस्ती पुन्हा तशी जमली नाही.

नगराच्या बाकीच्या भागांत राज्य होते ते तागडीचे. भंगाराच्या दुकानाला तमिळमध्ये ‘कायलान कडै’ म्हणतात. ह्या धंद्यात असलेल्या कायलपट्टणम् गावच्या व्यापाऱ्यांवरून हे नाव पडले असे सांगतात. लोखंड, पितळ, कागद, बाटल्या ह्यांचे भाव तेथे वेगवेगळे, परंतु एका जातीच्या मालाला भाव एकच. मग ते लोखंड शिलाईयंत्राचे पायटे असो की मोडका पहार. ह्याच्या उलट रीत पुदुपेट्टैच्या जुन्या मोटारींच्या बाजारात दिसते. तेथे मोडलेल्या गाडीचा प्रत्येक भाग सोडवून त्याच्या नावाने विकला जातो, कारण तो कोणत्या गाडीला बसेल हे जाणणारा मनुष्य तेथे बसलेला असतो. जाणकार असेल तेथे नाव टिकते, तो नसेल तेथे तागडी येते, असे ह्यावरून म्हणावयास हरकत नाही.

आता अंबत्तूरकडे वळू. दक्षिण हिंदुस्थानातील पहिली प्रवासी आगगाडी १ जुलै १८५६ रोजी रायपुरमहून वालाजा रोडकडे धावली ती ह्याच मार्गाने. तंजावरच्या राजवाड्यावर जप्ती आली त्याच वर्षाची ही गोष्ट आहे. परंतु अंबत्तूरचे रूप बदलले ते स्वातंत्र्यानंतर. १९४९ साली इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सच्या सहकार्याने टी. आय. सायकल्सची स्थापना झाली व तिचा कारखाना येथे उभा राहिला. १९५८ साली गिंडी येथे औद्योगिक वसाहत सुरू झाली होती. तिच्या पाठोपाठ १९६४ साली अंबत्तूरची वसाहत सुरू झाली आणि लघुउद्योगांच्या वसाहतींत ती फार मोठी म्हणून नावारूपास आली. यंत्रांचे सुटे भाग, मोटारीचे भाग, ओतकाम आणि पुढे निर्यातीचे तयार कपडे असे नाना उद्योग तेथे वाढले. २०११ साली अंबत्तूर चेन्नई महानगरपालिकेत सामील झाले. दरम्यानच्या काळात जुन्या कारखान्यांच्या शेजारी संगणक-उद्योगाची काचेरी संकुलेही उभी राहिली.

अशा वसाहतीत उरलेल्या मालाचा प्रश्न केवढा मोठा असेल ह्याची कल्पना करता येईल. लेथवर सोलून निघणारा पोलादाचा कीस, पत्र्याच्या कातरणी, आणि कपड्यांच्या कारखान्यांतील चिंध्या. तयार कपडे कापताना साधारणपणे १० ते १५ टक्के कापड वाया जाते असा ह्या धंद्यातील अनुभव आहे. हा सारा माल ठोक ठेकेदार वजनाने उचलतो, आणि कारखान्याच्या दृष्टीने तेच योग्यही आहे. टनावारी चिंध्यांतील प्रत्येक तुकड्याला नाव देत बसणे त्याला परवडणारे नाही. परंतु कारखान्याची ही रीत हळूहळू घरातही आली. यंत्रांच्या सहवासात राहणाऱ्या उपनगराने आपल्या घरातील वस्तूही तागडीच्या नजरेने पाहाव्यात, ह्यात नवल नाही.

आणि ह्या घरांत हस्तकला तर भरपूर आहे. चेन्नईच्या इतर उपनगरांप्रमाणे येथेही रवके म्हणजे पोलक्यांवर आरीच्या सुईने भरतकाम शिकविणारे वर्ग आहेत, प्लॅस्टिकच्या वायरींच्या रंगीबेरंगी टोपल्या विणणाऱ्या गृहिणी आहेत, रेशमी धाग्यांच्या बांगड्या आणि भाजलेल्या मातीचे दागिने करणाऱ्या मुली आहेत. नोकरीनिमित्त येथे आलेल्या एखाद्या मराठी कुटुंबात क्रोशाच्या सुया, लोकर, संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांसाठी आणलेली सोनेरी तार अशीही भर पडलेली असते. वर्ग संपतो, बदलीचा हुकूम येतो, आणि पेटीचा प्रश्न पुढे उभा राहतो. मूर मार्केट जळून गेलेले, माजघरातील धाकटी बहीण दुसऱ्या प्रांतात. उरते कायलान कडै. तेथे खड्यांची पुडी काच म्हणूनसुद्धा घेतली जात नाही.

ह्या कोंडीतून वाट निघाली ती ऑनलाइन बाजारामुळे. ह्या बाजाराला आपण सर्वस्वी नवा समजतो, परंतु त्याचे एक मूळ आपल्या टपालखात्यात आहे. न पाहिलेल्या विक्रेत्याकडून माल मागवावा, तो टपालाने दारी यावा आणि पैसे पोस्टमनच्या हाती द्यावेत, ही व्ही. पी.ची सोय हिंदुस्थानात १८७७ साली सुरू झाली. मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी पुस्तके, पंचांगे आणि औषधे ह्याच मार्गाने मागविली. व्ही. पी.ला एकच गोष्ट साधत नव्हती. ज्याच्याजवळ छापील सूचिपत्र आहे तोच तिचा उपयोग करू शके. एकाच पेटीतील अर्धी पुडी खडे विकण्यासाठी सूचिपत्र कोण छापणार?

ती अडचण १९९५ साली अमेरिकेत दूर झाली. पिअर ओमिदयार ह्या संगणकतज्ज्ञाने लिलावाचे एक संकेतस्थळ उघडले. तेच पुढे ‘ईबे’ ह्या नावाने प्रसिद्ध झाले. त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे लेझर किरण टाकणारी एक मोडकी दर्शिका. ती १४.८३ डॉलरला गेली. वस्तू मोडकी आहे हे ध्यानात आले आहे ना, असे ओमिदयारने विचारले तेव्हा आपण मोडक्या दर्शिकाच जमवितो असे गिऱ्हाइकाने कळविले, अशी कथा ती संस्था सांगते. ह्या छोट्या व्यवहारात नव्या बाजाराचे सारे मर्म आले आहे. भंगाराच्या दुकानात जिला शून्य किंमत आली असती, त्या वस्तूचे नाव आणि तिचा दोष हे दोन्ही प्रामाणिकपणे लिहिले गेले, आणि ते वाचणारा एक मनुष्य दूर कोठेतरी निघाला. मूर मार्केटमधील दुकानदाराच्या स्मरणाचे काम आता शब्दांनी शोध घेण्याच्या सोयीने केले.

आपल्याकडे २००० साली मुंबईत ‘बाझी डॉट कॉम’ सुरू झाले आणि २००४ साली सुमारे ५ कोटी डॉलरना ते ईबेने घेतले. त्याच वर्षाअखेर एका आक्षेपार्ह चित्रफितीची जाहिरात कोणा विक्रेत्याने त्या संकेतस्थळावर दिल्यावरून संस्थेच्या प्रमुखांना अटक झाली. आपल्या मांडवात कोणी काय विकले ह्याला मांडव घालणारा कितपत जबाबदार, हा प्रश्न त्यामुळे देशापुढे उभा राहिला, आणि २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली झालेल्या दुरुस्तीने मध्यस्थांच्या जबाबदारीची मर्यादा अधिक स्पष्ट केली. ईबेचे भारतीय संकेतस्थळ ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले. दरम्यान २००६ साली निघालेल्या ‘ओएलएक्स’ने शेजारच्या गल्लीतील गिऱ्हाइकाची गाठ घालून देण्याची रीत रुळविली. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात २००५ साली निघालेल्या ‘एट्सी’ने तर हस्तनिर्मित वस्तू आणि किमान २० वर्षे जुन्या वस्तू ह्यांच्या जोडीला हस्तकलेच्या साहित्याला स्वतंत्र स्थान दिले. २०१६ साली यूपीआय आल्यावर दोनशे रुपयांच्या मण्यांचे पैसेही क्षणात खात्यावर जमा होऊ लागले. ह्या बाजारात भाव प्रथम बोलण्याचा मान, बोहारणीच्या दारातील रीतीच्या उलट, विकणारीकडे आला. ही गोष्ट वरवर लहान दिसली तरी तिचे मोल कमी नाही.

परंतु मानाबरोबर कामही आले. घेणाऱ्याला वस्तू हातात घेऊन पाहता येत नाही. म्हणून स्पर्शाचे काम शब्दांनी करावे लागते. भरतकामाच्या दोऱ्याचेच पाहा. काळा दोरा एवढे म्हणून भागत नाही. डीएमसी ह्या फ्रेंच कंपनीच्या क्रमावलीत काळा म्हणजे ३१०, तर अँकरच्या क्रमावलीत तोच ४०३. ज्या लडीवर हा कागदी पट्टा शाबूत आहे ती जगाच्या कोणत्याही टोकाच्या अर्धवट भरतकामाला जुळू शकते. पट्टा फाटून गेला की ती नुसती सुताची गुंडी होते. लोकरीच्या गुंडीवर छटेच्या क्रमांकाबरोबर रंगाच्या घाणीचाही क्रमांक असतो. एकाच छटेची लोकर दोन वेगळ्या घाणींतील असेल तर स्वेटरच्या पाठीवर पट्टा उमटतो. वर्खाच्या बाबतीत तर सचोटीचीच परीक्षा आहे. तंजावर चित्राला परंपरेने २२ कॅरट सोन्याचा वर्ख लागतो, आणि दिसण्यात त्याच्यासारखाच नकली वर्खही मिळतो. आपल्याजवळचा कोणता, तो केव्हा व कोठून घेतला, पाने किती उरली, हे विकणारीने आपण होऊन सांगितले पाहिजे. टपालखर्चाचा विचार वेगळाच. खडे आणि दोरे हलके व मोलाचे, म्हणून ते दूर पाठविणे परवडते. खडूची भुकटी आणि लाकडी फळ्या ह्यांचा टपालखर्च मालापेक्षा जड होतो. त्या शेजारच्या वर्गातील विद्यार्थिनीला द्याव्यात हेच बरे.

कायद्यानेही ह्या छोट्या विक्रेत्यांची बरीच वर्षे उपेक्षा केली. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा दुकानदाराला ठराविक उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नव्हती. परंतु ऑनलाइन संस्थेमार्फत व्यवसाय म्हणून माल विकणाऱ्याला पहिल्या रुपयापासून ती होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही अट सैल झाली, मात्र ती राज्यांतर्गत विक्रीपुरतीच. म्हणजे घरच्या घरी हा छोटा व्यवसाय करणारी अंबत्तूरची बाई अशा संस्थेमार्फत कोइमतूरला नोंदणीवाचून दोऱ्याची लड विकू शकते, परंतु तीच लड ठाण्याला पाठवावयाची झाली की नोंदणीचा उंबरठा आडवा येतो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी स्त्रीला ह्यातील अन्याय समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तिच्या पेटीतील साहित्य ओळखणाऱ्या पुष्कळ जणी त्या उंबरठ्यापलीकडेच राहतात.

ह्या बाजाराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. विकता येईल ह्या भरवशावर अधिक विकत घेण्याची सवय लागते. पेटी रिकामी होण्याऐवजी एकीच्या दोन होतात. शिवाय ज्या वस्तूला नाव देता येते तिलाच येथे जागा आहे. लेखन न येणाऱ्या, छायाचित्र न काढता येणाऱ्या स्त्रीची पेटी अजूनही तागडीच्याच वाटेवर आहे. आणि जे साहित्य पूर्वी शेजारच्या मुलीला सहज दिले जाई, त्यालाही आता किमतीची चिठ्ठी लागते, ही तक्रार खोटी नाही. फुकट दिल्याने जो हात शिकता झाला असता, तो किमतीमुळे दूर राहिला तर कलेचे नुकसानच होईल.

हे सारे मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की, ह्या बाजाराने हस्तकलेवर एक उपकार केला आहे. अर्धवट राहिलेले काम पुरे करण्यास जे नेमके हवे ते बहुधा कोणाच्या तरी पेटीत आधीच असते. कारखान्यात ती छटा बंद होऊन कित्येक वर्षे लोटलेली असतात. ती पेटी वजनाने गेली तर दोन्हींकडचे काम कायमचे अडते. ती नावाने गेली तर थांबलेल्या हातातून चालत्या हातात कला जाते. राजाश्रय गेल्यावर तंजावरची चित्रकला जगली ती फळी, वर्ख आणि खडे एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिले म्हणूनच.

म्हणून जिला आपली पेटी आज विकावयाची नाही, तिनेही एवढे अवश्य करावे. दोऱ्याचा पट्टा फाडू नये, वर्खाच्या गड्डीवर वर्ष लिहून ठेवावे, खड्यांच्या पुडीत दुकानाची चिठ्ठी राहू द्यावी. पेटी पुढे विकली जाईल, दिली जाईल किंवा वारशाने जाईल. ती ज्याच्या हाती पडेल त्याला आत काय आहे हे वाचता आले पाहिजे.